दुसरा पेला

उंबरगव्हाण,
९ मे १९६४

प्रिय सरस्वती,

सलाम. गेले दहा दिवस रोज लिहायला बसते आणि रोज कागद फाडते. आज शनिवार, शाळेला सुट्टी लागली आहे, शालू नाल्याकडे गेली आहे आणि हे उद्याच्या उपदेशाची तयारी करत पडवीत बसले आहेत. आज फाडणार नाही. जसं येईल तसं लिहिते, मग तुला ते गोड लागो की कडू.

तू इथे चार वर्षं पाळकीण म्हणून काढलीस. ह्यांची इथे नेमणूक झाल्याचं कळल्यावर तू मला केवढं लांबलचक पत्र पाठवलं होतंस! लोक प्रेमळ आहेत, मंडळी लहान पण एकदिलाची आहे, हवा कोरडी आहे, भाजीपाला मुबलक मिळतो. त्यातलं भाजीपाल्याचं तेवढं खरं निघालं. वांगी, कोथिंबीर, गवार, काय हवं ते दारात येतं. बाकीचं तू कुठल्या गावाबद्दल लिहिलंस, याचा मी वर्षभर शोध घेते आहे.

गेल्या जूनमध्ये आम्ही आलो. जालन्याहून देऊळगाव राजापर्यंत एस.टी. आणि पुढे बैलगाडी. ह्यांच्या मांडीवर हार्मोनियम, माझ्या मांडीवर कंदिलाच्या काचा, आणि शालू ट्रंकेवर बसून सारखी पाणी मागतेय. देवळासमोर स्वागताला अकरा माणसं उभी होती. सगळ्यांत पुढे मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी, भगवंतराव. डोक्यावर मिशनच्या साहेबानं मागे टाकलेली खाकी हॅट, पायांत मोज्यांशिवाय बूट. ह्यांच्याशी त्यांनी दोन बोटांनी हात मिळवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, इथं साहेबाच्या वेळची शिस्त हाय. आमी सांगू तसं चालसान तं तुमाले काई तरास होनार नाई." मी हसू दाबलं. नगरच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकलेली मी, आणि मला शिस्त शिकवणार हे!

हे गृहस्थ साहेबाचे खानसामे होते, ही गोष्ट तू लिहायची विसरलीस. बारा वर्षं त्यांनी साहेबाच्या बंगल्यात मटण शिजवलं. साहेब अमेरिकेला परत जाताना देवळाची किल्ली सांभाळायला म्हणून त्यांच्या हाती देऊन गेला, आणि त्या दिवसापासून खानसामाच साहेब झाला. व्यासपीठाच्या शेजारी त्यांची हातांची खुर्ची. उपदेश सुरू झाला की ते खिशातलं घड्याळ काढून मांडीवर ठेवतात. ह्यांच्या पहिल्याच उपदेशाला वीस मिनिटं झाली तेव्हा ते खोकले, एकविसाव्या मिनिटाला पुन्हा खोकले, आणि आमचे पाळकसाहेब वाक्य अर्धं टाकून 'आमेन' म्हणाले! मी पहिल्या बाकावर मान खाली घालून बसले होते. खरं सांगू? त्या दिवशी मला त्या म्हाताऱ्यापेक्षा माझ्या नवऱ्याचाच जास्त तिटकारा आला. घरी आल्यावर मी म्हटलं, "तुम्हाला पाळक म्हणून पाठवलंय की गडी म्हणून?" तर हे शांतपणे म्हणाले, "आधी माणसं बघू दे, सगुणा." माणसं! मला त्यांच्यात बघण्यासारखं काही दिसत नव्हतं.

भगवंतरावांच्या बायकोची, अन्नपूर्णाबाईंची, तर मी नगरच्या मैत्रिणींना नक्कल करून दाखवायचं ठरवूनच ठेवलं होतं. बिस्किटांच्या जुन्या डब्यात वाळूवर भाजलेला त्यांचा केक, बाहेरून काळा आणि आतून पिठूळ. कुणी शिंकलं तरी 'थ्यांक्यू'. नवऱ्यापुढे मात्र तोंडातून शब्द नाही. आणि इथली ती बोली! चार महिन्यांत शालू घरात 'मले भूक लागली' म्हणायला लागली. मी तिच्या थोबाडीत मारली. हो, मारली. आपण एवढ्या शुद्ध भाषेत वाढलो, प्रार्थनेत एक अनुस्वार चुकला तर बोर्डिंगच्या मडम पुन्हा म्हणायला लावायच्या, आणि माझी लेक गावंढळासारखी बोलणार?

आता नाल्यापलीकडच्या लोकांबद्दल. तुझ्या पत्रात ते लोक नव्हतेच. मी समजत होते की मंडळी म्हणजे देवळाभोवतालची सोळा घरं. पहिल्या रविवारी बघते तर दाराजवळ सतरंजीवर तीसेक माणसं बसलेली. अंबाडीचे दोर वळणारी, केरसुण्या बांधणारी माणसं. बाकांवर जागा होती, तरी खाली. मी अन्नपूर्णाबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "त्यायले खालीच बरं वाटते." मला ते पटलं. पटवून घ्यायला सोपं होतं म्हणून पटलं. त्यांच्या अंगाला ओल्या अंबाडीचा कुजका वास येतो, पोरांची नाकं वाहत असतात, आणि उपासना चालू असताना बायका एकमेकींच्या डोक्यात बघतात. त्या वासापासून दहा हात लांब बसायला मिळतंय याबद्दल मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

जुलैत पहिलं पवित्र भोजन झालं. भगवंतरावांनी स्वतःच्या हातानं मेज मांडलं. पांढरा रुमाल, भाकर, साहेबाच्या वेळचा चकचकीत मुलाम्याचा पेला, आणि त्याच्या मागे दडवल्यासारखा एक जर्मनचा, हलक्या ॲल्युमिनियमचा पेला. हे घुटमळले. भगवंतराव कानाशी वाकून म्हणाले, "तो तिकडल्यायचा." आणि आमचे हे, ज्यांनी पाळकांच्या सेमिनरीत 'एक भाकर, एक शरीर' यावर निबंध लिहिला होता, ते चांगला पेला घेऊन बाकांवरून फिरले आणि मग जर्मनचा घेऊन दाराकडे गेले. त्यांचा हात कापत होता. कापणाऱ्या हातानं का होईना, पण गेले. तिथल्या सगळ्यांनी घोट घेतला. एका उंच म्हातारीनं मात्र पेला नुसता कपाळाला लावला आणि पुढे दिला. ती गोजरबाई. ऑक्टोबरातही तिनं तेच केलं.

मी पाळकीण, म्हणजे घरोघर जाणं आलंच. नाल्यापलीकडे मी तीनदा गेले आणि तिन्ही वेळा गोजरबाईनं चहा ठेवला. तिन्ही वेळा मी म्हटलं, "आज उपास आहे हो." ऑक्टोबरच्या भोजनानंतर तिसऱ्यांदा गेले, तेव्हा ती अंगणात दोर वळत बसली होती. दोराचं एक टोक खुंटाला, दुसरं तिच्या हातात. हात न थांबवता म्हणाली, "बाई, ख्रिस्ती मानसाले इतके उपास कुठून आले?" माझं तोंड एवढंसं झालं. मी राग आणून म्हटलं, "आणि तू पवित्र भोजन काऊन घेत नाहीस?" बघ, रागात माझ्याही तोंडून 'काऊन' गेलं. तिनं दोर सोडला, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "देवाचं रगत एक अन् भांडे दोन? मले तहान नाई." मग माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. आयुष्यात मी पुष्कळांकडे तुच्छतेनं बघितलं आहे, माझ्याकडे तसं कुणी बघितलेलं मला आठवत नाही. आणि बघणारी कोण, तर अंगठा उठवणारी दोरवाली म्हातारी! "साहेब होता तवा एकच पेला होता," ती म्हणाली. "मले त्यानं याच नाल्यात बुडवून काढलं, अन् त्याच रविवारी भगवंतरावाच्या मागून मी त्याच पेल्यातून पेली. दुसरा पेला मागून आला. कुठून आला ते त्यायलेच इचारा."

म्हणजे साहेबाच्या वेळची शिस्त वगैरे सगळी थाप. घरी परतताना मी भगवंतरावांना मनातून काय काय शिव्या दिल्या ते पत्रात लिहिता येणार नाही. पण नाल्यातून चालताना माझा मलाच वीट आला. सरस्वती, तुझे आजोबा आणि माझे आजोबा एकाच गावच्या वेशीबाहेरचे. विहिरीपासून लांब ओंजळ धरून उभे राहायचे, वरून कुणी पाणी ओतलं तर प्यायचे. म्हणून तर मिशनच्या दारात गेले. आणि त्यांच्या नाती नगरच्या बोर्डिंगात शिकून, इस्त्रीची पातळं नेसून, दोरवाल्यांच्या घरी उपास सांगतात! मी त्याच पावली परत फिरायला हवं होतं, चहा मागायला हवा होता. फिरले नाही. घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं तेवढंच. हे म्हणाले, "जुलैत माझा हात कापला, तेव्हाच मला कळायला हवं होतं." मी चिडून म्हटलं, "कळून तुम्ही काय करणार? खोकला आला की आमेन."

उत्तर मिळालं जानेवारीच्या भोजनाला. हे मेजापाशी गेले, जर्मनचा पेला उचलला आणि व्यासपीठाच्या खाली ठेवून दिला. मग मुलाम्याचा पेला घेऊन बाकांकडे पाठ फिरवून सरळ दाराकडे चालत गेले, आणि गोजरबाईच्या समोर गुडघ्यावर बसले. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मला वाटलं, ही आताही नाही म्हणते, आणि ती नाही म्हणाली असती तर तिला तो हक्क होता. पण तिनं दोन्ही हातांनी पेला धरला आणि घोट घेतला. तिच्यामागून तीस माणसं प्याली आणि मग तोच पेला बाकांकडे आला. पहिल्या बाकावर पहिली मी. पेल्याच्या काठावर मिश्रीचा डाग होता. सरस्वती, मी खोटं लिहीत नाही, मला मळमळलं. डोळे मिटून प्याले. उघडले तेव्हा भगवंतराव खुर्चीतून उठले होते. "साहेबाच्या देवळात हा बाटगेपना चालनार नाई," असं ओरडून ते बाहेर पडले आणि त्यांच्यामागे बाकांवरची एकूण एक माणसं. निवृत्ती तेवढा राहिला, भगवंतरावांचा जावई. मळ्यात भाजी पिकवणारा, कधी तोंड न उघडणारा माणूस. त्याला मी आजवर मठ्ठ समजत होते.

पुढच्या रविवारी देवळाला कुलूप. भगवंतराव ओसरीवर हॅट घालून बसलेले, किल्ली कमरेला. ह्यांनी एकदाच मागितली. म्हातारा म्हणाला, "तुमाले किल्ली साहेबानं देल्ली काय?" हे म्हणाले, "नाही. पण देऊळ त्यानं तुम्हालाही दिलेलं नाही." आणि वळून नाल्याच्या रस्त्याला लागले. मी मागे, शालू माझ्या मागे, निवृत्तीच्या डोक्यावर हार्मोनियम. तेव्हापासून उपासना गोजरबाईच्या अंगणात, दोरांच्या खुंटांमध्ये. आमचं दूध बंद झालं, सोळा घरांतल्या बायकांनी माझ्याशी बोलणं टाकलं. विहिरीवर मी गेले की त्या घागरी उचलून बाजूला होतात. अगदी जशा आपल्या आज्यांना बघून गावातल्या बायका व्हायच्या, तशाच. कुठे शिकल्या म्हणावं? वरच्यांनी आपल्याला जे जे केलं, ते ते खालच्यांना करून बघण्याची हौस आपण बाप्तिस्म्याच्या पाण्यातही धुतली नाही.

नाल्यापलीकडचे लोक म्हणजे कुणी संत आहेत असं मात्र समजू नकोस. पुरुष दारू पितात, बायका भांडतात, आणि गोजरबाई तर मला अजूनही येताजाता टोचते. ह्यांचा उपदेश पाऊण तास चालला की मोठ्यानं विचारते, "पाळकबाबा, देवाले तरी घरी जाऊ देसान का?" पण चहा मी आता तिथेच घेते. पहिल्यांदा घेतला तेव्हा ती कप भरून उभी राहिली आणि मी संपवेपर्यंत हलली नाही.

ईस्टरला एक गोष्ट घडली. गायन चालू असताना नाल्याकडून अन्नपूर्णाबाई येताना दिसल्या. एकट्या, भर उन्हात, चपला हातात. नवऱ्याला न विचारता ती बाई चाळीस वर्षांत पहिल्यांदा घराबाहेर पडली असेल. येऊन गोजरबाईच्या शेजारी मातीत बसली. पेला आला, गोजरबाईच्या मागून घेतला, प्याली. उपासना संपल्यावर निवृत्तीनं भीत भीत विचारलं, "आई, मामंजी काय म्हनतीन?" तर ही बाई, जिच्या 'थ्यांक्यू'ची मी टिंगल करत होते, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "म्हनू दे. बारा वर्सं साहेबाच्या ताटातलं उष्टं खाल्लं आमी, तवा नाई बाटलो. आता याच्यानं बाटू काय?"

मग मी तिला घरी आणलं आणि विचारलं, तो जर्मनचा पेला भगवंतरावांनी कुठून आणला. ती माझ्याकडे बघतच राहिली. "त्यायनं कुठं आनला बाई? त्यायले तं काईच समजत नोतं तवा. साहेब गेल्यावर पह्यल्या भोजनाले तिकडल्यायच्या मागून पेताना सरस्वतीबाईले वकारी आली. मंग बालाजीच्या जत्रंतून त्या बाईनंच दुसरा घेऊन आनला. म्हने, कोनाले सांगू नोका, साहेबाचीच शिस्त म्हना." असं होय? म्हणजे भगवंतरावांनी फक्त राखण केली. साहेबाचं घर राखलं, किल्ली राखली आणि पाळकीणबाईंची शिस्तही राखली. सहा महिने मी ज्या अडाणी म्हाताऱ्याला शिव्या देत होते, त्याला तो विटाळ माझ्या जिवलग मैत्रिणीनं, प्रार्थनेत एक अनुस्वारही न चुकणाऱ्या सरस्वतीनं शिकवला होता. आणि तुझे नारायणराव? ते चार वर्षं दोन्ही पेले घेऊन फिरले. त्यांचा हात कापत होता का ग कधी?

आता दहा दिवसांपूर्वी आलेल्या तुम्हा दोघांच्या पत्राचं. मिशनच्या समितीचे चिटणीस म्हणून नारायणराव लिहितात की, मंडळीतील वडीलजनांच्या तक्रारीचा विचार करून ह्यांची बदली एक जूनपासून नगरला करण्यात येत आहे. दगडी घर, शालूला मुलींची चांगली शाळा. खाली तू लिहिलंस, 'सगुणा, तुझ्या ऑगस्टच्या पत्रातली विनंती मी विसरले नव्हते. आता तरी माणसांत ये.' ते ऑगस्टचं पत्र मी ह्यांच्या नकळत लिहिलं होतं. या जंगली लोकांतून मला सोडव, असं त्यात होतं; तीच भाषा होती, नाकारत नाही. काल मी ते ह्यांना सांगितलं. वाटलं, आता तरी चिडतील. हे म्हणाले, "मग उत्तरही तूच लिही." म्हणून लिहिते आहे. आम्ही येत नाही. समितीनं ह्यांचं नाव कमी केलं तरी येत नाही. नव्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मला मास्तरणीची जागा मिळाली आहे आणि निवृत्तीनं मळ्यातली खोली देऊ केली आहे. हे पत्र नारायणरावांना वाचून दाखव आणि समितीपुढे ठेवायचं तर पेल्यासकट ठेव. तुझ्याबद्दल मला आज काय वाटतं ते तू ओळखलंच असशील. पण एक खरं ते सांगून टाकते. साहेब गेल्यानंतर तुझ्या जागी मी आले असते, तर त्या जत्रेत मीही गेले असते, आणि तुझ्याहून चांगला, कुणाला संशयही येणार नाही असा पेला निवडून आणला असता. हे मी दुसऱ्या कुणाजवळ कबूल करू? गोजरबाईजवळ नाही, ह्यांच्याजवळसुद्धा नाही. ते फक्त तुलाच कळेल. म्हणून एवढं सगळं लिहूनही खाली दुसरा शब्द सुचत नाही.

तुझीच,
सगुणा